विचारल्याशिवाय कळत नाही

अदीस अबाबात बसची चौकशी केली आणि समोरच्याने "सकाळी एक वाजता" असं सांगितलं, की परका प्रवासी गोंधळतो. सकाळी एक म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर? की दुपारी एक म्हणायचं होतं आणि चुकून सकाळ म्हटलं? दोन्ही अंदाज चुकतात. दुपारचं समजून निवांत पोचलेल्या माणसाची बस सकाळी सातलाच गेलेली असते. इथिओपियात तासांची मोजणी दिवस उजाडल्यापासून सुरू होते. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले दुपारचे बारा म्हणजे त्यांचे सहा. संध्याकाळी सहाला दिवसाचे बारा तास संपतात आणि सातला रात्रीचा एक वाजतो. विमानाच्या तिकिटावर मात्र जगभर चालते तीच वेळ छापलेली असते. त्यामुळे तिथे कुणाशीही वेळ ठरवताना "ही वेळ तुमच्या घड्याळाची की बाहेरच्यांच्या?" एवढं विचारून घ्यावं लागतं. तिथले लोकही परक्याशी बोलताना हा खुलासा बरेचदा आपणहून करतात.

आता या एका बसवरून दोन माणसं अगदी वेगवेगळं शिकून परत येऊ शकतात. एक जण म्हणतो, "यांची घड्याळंसुद्धा धड नाहीत." दुसरा विचारतो, "तुम्ही वेळ मोजता कशी?" मग त्याला कळतं, की हा देश विषुववृत्तापासून फार लांब नाही. सूर्य वर्षभर साधारण सहा ते सातच्या दरम्यानच उगवतो. दिवस आणि रात्र जवळजवळ सारख्या लांबीच्या असतात. अशा ठिकाणी उजाडलं की एकपासून मोजायला सुरुवात करणं सरळ आणि सोयीचं आहे. हे कळल्यावर प्रश्न उलटा फिरतो. सगळं जग झोपेत असताना, मिट्ट काळोखात तारीख बदलणारी आपली पद्धत आपल्याला इतकी स्वाभाविक का वाटत आली? तिथलं कॅलेंडरही वेगळं आहे. त्यात तेरा महिने असतात. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. त्यांनी स्वतःच्या कॅलेंडरचं 2000 साल साजरं केलं तेव्हा बाकीच्या जगात सप्टेंबर 2007 चालू होता.

दोघांनी पाहिलं तेच आणि दोघांचा प्रवासही तेवढाच झाला. फरक पडला तो एका प्रश्नामुळे. प्रवासाने माणसाची नजर विशाल होते असं आपण सहज म्हणून जातो. माझ्या मते हे वाक्य अर्धवट आहे. प्रवासात डोळ्यांना दिसतं ते लोकांचं वागणं. त्या वागण्यामागचा विचार कुठल्याही चौकात किंवा मनोऱ्यावरून दिसत नाही. तो कुणीतरी सांगावा लागतो आणि सांगण्यासाठी आधी कुणीतरी विचारावा लागतो. न विचारता आलेला प्रवासी वागणं तेवढं टिपतो आणि त्याला कारण आपल्या घरचं जोडतो.

यावर कुणी म्हणेल, स्वतःला समोरच्याच्या जागी ठेवून पाहिलं की पुरे. हा सल्ला मनापासूनचा आहे, पण तो तपासून झाला आहे आणि तपासणीत टिकलेला नाही. 2018 साली ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या तीन संशोधकांनी पंचवीस प्रयोगांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. चेहऱ्यावरून भावना ओळखा, हसू खरं की खोटं ते सांगा, आपल्या जोडीदाराला काय आवडेल याचा अंदाज बांधा, अशी कामं लोकांना दिली होती. काहींना सांगितलं, की समोरच्याच्या जागी स्वतःला कल्पून उत्तर द्या. त्यांचे अंदाज जास्त अचूक निघाले नाहीत. अचूकता वाढली ती थेट विचारून घेतल्यावर. वर्षानुवर्षं एका घरात राहणाऱ्या नवरा-बायकोची ही कथा, तर काल विमानातून उतरलेल्या माणसाच्या कल्पनाशक्तीवर किती विसंबायचं? दुसऱ्याच्या जागी आपण स्वतःला उभं करतो तेव्हा तिथे उभे राहतो आपणच. आपल्या सवयी, आपली भीती, आपले हिशेब सगळे बरोबर नेलेले असतात.

लोक एकमेकांत मिसळले की पूर्वग्रह कमी होतात, या विचारालाही मोठा इतिहास आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली त्यासाठी चार अटी मांडल्या. भेटीत दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, दोघांचं उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला सहकार्य लागायला हवं आणि वरच्यांचा, म्हणजे नियमांचा आणि अधिकाऱ्यांचा, पाठिंबा हवा. पुढे 2006 साली थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. मिसळण्याचा फायदा होतो हे त्यातून ठळकपणे दिसलं. अटी सगळ्या जुळल्या नाहीत तरीही तो काही प्रमाणात होतो, फक्त अटी पाळल्या तर जास्त होतो. पण त्याच अभ्यासातली एक बाब प्रवासाची भलामण करताना कुणी सांगत नाही. शाळा, कामाची जागा, शेजार यांच्या तुलनेत पर्यटनातून होणाऱ्या संपर्काचा परिणाम बराच कमी आढळला.

ऑलपोर्टच्या अटी पर्यटकाला लावून पाहिल्या की यात नवल वाटत नाही. हॉटेलच्या काउंटरवर दर्जा बरोबरीचा नसतो. एक जण पैसे देतो आणि दुसऱ्याची नोकरी त्याच्या खुशीवर अवलंबून असते. उद्दिष्टही एक नसतं. एकाला खोली हवी असते आणि दुसऱ्याला पाळी संपवून घरी जायचं असतं. गाइड, ड्रायव्हर, वेटर यांनी सांगितलेलं खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण त्यांनी तीच गोष्ट शेकडो पाहुण्यांना सांगितलेली असते आणि पाहुण्याला काय आवडतं ते त्यांना पाठ असतं. त्यांच्याकडून माहिती जरूर घ्यावी. मत हवं असेल, तर आपल्या खिशाशी ज्याचा संबंध नाही असा माणूस शोधावा.

असा माणूस भेटतो तो एकत्र काहीतरी करताना. रुळांवर खोळंबलेल्या रेल्वेतला सहप्रवासी, डोंगरवाटेवर पुढे-मागे चालणारा, मैदानात खेळाडू कमी पडले म्हणून बोलावून घेणारा, सामुदायिक साफसफाईत शेजारी वाकलेला. अशा वेळी दोघांसमोर अडचण एकच असते आणि ऑलपोर्टच्या पहिल्या तीन अटी आपोआप पूर्ण होतात. ज्यांना हे जमवून आणायचं आहे त्यांनी प्रवासाच्या आखणीत एखादं तरी असं काम ठेवावं ज्यात आपण गिऱ्हाईक नसतो. भाषेचा छोटा वर्ग लावता येतो, गाण्याच्या गटात बसता येतं, एखाद्या कारागिराकडे काही दिवस हात चालवायला जाता येतं. तिथे आपण शिकाऊ असतो, चुकतो आणि समोरचा सुधारतो. दर्जाचं पारडं तिथल्या माणसाकडे झुकतं आणि ते झुकणं फार उपयोगी पडतं, कारण दुरुस्त करताना माणूस कारण सांगतो.

मुक्काम किती असावा? एका गावी निदान एक पूर्ण आठवडा, कारण बहुतेक ठिकाणी आयुष्य आठवड्याच्या चक्राने फिरतं. बाजाराचा दिवस, प्रार्थनेचा दिवस, सुटीचा दिवस आणि काहीच नसलेला दिवस हे चारही पाहिल्याशिवाय त्या जागेचा रोजचा सूर सापडत नाही. आठ दिवसांत चार शहरं उरकणाऱ्याला प्रत्येक ठिकाणचे एक-दोनच वार मिळतात आणि तेच तो त्या शहराचा स्वभाव समजतो. आठवडाभर रोज त्याच वेळी, त्याच बाकावर, त्याच टपरीपाशी जावं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान हलवून ओळख दाखवली जाते आणि पुढे कधीतरी समोरूनच प्रश्न येतो, "तुम्ही गेला नाहीत अजून?" संभाषण खरं तिथे सुरू होतं. परदेशात राहिलेल्यांवर 2018 सालीच एक वेगळा अभ्यास झाला होता. स्वतःला आपण किती नीट ओळखतो हे किती देश पाहिले यावर ठरत नव्हतं, परदेशात किती काळ काढला यावर ठरत होतं. पासपोर्टवरचे शिक्के मोजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

लांबच्या मुक्कामात एक अडचण ठरलेली असते. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1960 साली परक्या संस्कृतीच्या धक्क्याचे टप्पे मांडले. सुरुवातीला सगळं मोहक वाटतं. मग चिडचिडीचा काळ येतो, मग हळूहळू सावरणं आणि शेवटी रुळणं. छोट्या सहलीवर गेलेला माणूस मोहाच्या टप्प्यातच परत फिरतो, म्हणून त्याला सगळीकडचे लोक "किती साधे, किती आनंदी" वाटतात. यालाही समजणं म्हणता येत नाही. लोकांना गोड ठरवण्यातही त्यांचं ऐकून घेतलेलं नसतंच. चिडचिड सुरू झाली की मात्र काहीतरी हाताला लागण्याची वेळ आली असं समजावं, कारण आपल्या मनातला एखादा न बोललेला नियम नेमका तिथे मोडलेला असतो.

अशा वेळी वहीचं पान कामाला येतं. पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात फक्त डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढं. दुसऱ्यात आपल्याला काय वाटलं ते. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा आणि तिथल्या माणसाने कारण सांगितलं की भरायचा. पहिल्या रकान्यात विशेषणं येऊ द्यायची नाहीत आणि हेच सगळ्यांत अवघड जातं. "माणूस उद्धटपणे अंगाला खेटून उभा राहिला" हे पहिल्या रकान्याचं वाक्य नाही. "रांगेत माझ्यामागचा माणूस हातभर अंतरावर उभा होता, पुढे जागा झाली की लगेच सरकत होता" हे आहे. "उद्धट" हा शब्द दुसऱ्या रकान्यात जातो. तिथे गेला की तो आपलं मत म्हणून दिसायला लागतो.

हेच उदाहरण थोडं पुढे नेऊ. माणसामाणसांतल्या अंतराचा अभ्यास एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने 1966 साली मांडला तेव्हा अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मध्यमवर्गीयांसाठी त्याने ढोबळ मापं दिली होती. जिव्हाळ्याचं अंतर साधारण 45 सेंटिमीटरपर्यंत, ओळखीच्यांशी बोलण्याचं 120 सेंटिमीटरपर्यंत आणि कामापुरत्या व्यवहाराचं त्यापुढे. 2017 साली बेचाळीस देशांत लोकांना विचारलं गेलं, की अनोळखी माणूस किती लांब असलेला बरा. अर्जेंटिनातलं सरासरी उत्तर पाऊण मीटरच्या आसपास होतं, रोमानियातलं सव्वा मीटरच्या वर. आता या दोन देशांतली दोन सभ्य माणसं बोलायला उभी राहिली असं समजा. एक पुढे सरकणार, दुसरा मागे. पुढे सरकणाऱ्याला वाटणार हा तुटकपणे वागतोय, मागे सरणाऱ्याला वाटणार हा अंगावर येतोय. दोघेही आपापल्या घरचा शिष्टाचार तंतोतंत पाळत असतात. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थिती विसरायची, ही सवय माणसाला सगळीकडेच असते. परक्या देशात ती जास्त महागात पडते, कारण तिथली परिस्थितीच आपल्याला ठाऊक नसते.

विचारायचं, पण कसं? यात थोडं कसब आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर "हो" येऊ शकतं तो परक्या ठिकाणी विचारूच नये. "हा रस्ता स्टेशनकडे जातो ना?" याला अनेक ठिकाणी "हो" असंच उत्तर मिळेल. पाहुण्याला नकार देणं किंवा आपल्याला माहीत नाही हे कबूल करणं तिथे कमीपणाचं असू शकतं, किंवा "हो" म्हणजे "तुमचं बोलणं ऐकलं" एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. "स्टेशन कोणत्या बाजूला आहे?" असं विचारलं तर माणसाला हात तरी दाखवावा लागतो. थोडं पुढे जाऊन दुसऱ्यालाही तेच विचारावं. दोन हात एकाच दिशेला गेले की चालू लागावं.

मतांविषयी विचारताना "का" या शब्दापासून जपावं. "तुम्ही असं का करता?" यात कितीही कुतूहल असलं तरी ऐकणाऱ्याला ती झडती वाटते आणि तो समर्थन द्यायला लागतो. समर्थन म्हणजे कारण नव्हे, ते बहुतेक वेळा ऐकलेलं, तयार वाक्य असतं. त्याऐवजी "हे कसं ठरतं?" किंवा "मागच्या वेळी झालं तेव्हा काय काय झालं?" असं विचारावं. "तुमच्याकडे म्हाताऱ्यांची काळजी कोण घेतं?" या प्रश्नाला आदर्श उत्तर मिळेल. "तुमच्या आजीच्या शेवटच्या आजारपणात तिच्याजवळ कोण होतं?" याला खरं मिळेल, पण ओळख तेवढी झाल्याशिवाय हे विचारू नये. प्रश्न विचारल्यावर गप्प बसावं. दोन-तीन सेकंदांची शांतता परक्याला बोचते आणि तो स्वतःच उत्तर सुचवतो. समोरचा सौजन्याने त्यालाच मान डोलावतो आणि आपण आपलंच मत त्याच्या तोंडून ऐकून परततो.

दुभाषा असेल तर आणखी काळजी हवी. एका वेळी एक-दोन वाक्यंच बोलावीत. नजर दुभाष्याकडे न ठेवता ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे ठेवावी. समोरचा पाच मिनिटं तळमळीने बोलला आणि दुभाषा "नाही म्हणतायत" एवढंच म्हणाला, तर "त्यांनी आणखी काय काय सांगितलं?" असं शांतपणे विचारावं. दुभाषा बोलणं कापतो ते आपला वेळ वाचवायला किंवा दोघांनाही अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. नेमका महत्त्वाचा भाग त्यातच जातो. वेळ असेल तर भाषेचे शे-दीडशे शब्द आधीच शिकून घ्यावेत. त्यांनी संभाषण होत नाही, पण गाळलेलं काय ते कानाला जाणवायला लागतं.

एकाच माणसाचं ऐकून थांबू नये. तोच प्रश्न एका म्हाताऱ्या माणसाला, एका तरुणीला आणि त्या गावात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या एखाद्याला विचारावा. तिघांची उत्तरं जुळत नाहीत, हीच यातली मोठी कमाई. "तिथल्या लोकांना असं वाटतं" या वाक्यातले "तिथले लोक" तीन उत्तरांतच फुटतात. परत आल्यावर प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांनी तर स्वतःला हा नियमच घालून घ्यावा. एका माणसाने सांगितलेलं असेल, तर "एकाने सांगितलं" असंच लिहावं.

कधीकधी फरक मतांच्याही खाली, जग पाहण्याच्या चौकटीतच असतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये गुगु यिमिथिर भाषा बोलणारे लोक डावं-उजवं न म्हणता उत्तर-दक्षिण म्हणतात, तेही हाताजवळच्या वस्तूसाठी. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावं नसतात. तिथे पत्ता रस्त्याचा नसतो, रस्त्यांनी वेढलेल्या जागेच्या तुकड्याचा असतो, आणि जुन्या वस्त्यांत घरांचे क्रमांक शेजाराच्या क्रमाने न जाता बांधल्याच्या क्रमाने लागलेले असू शकतात. आपण रस्त्याला नाव देतो आणि मधल्या जागेला देत नाही. ते जागेला क्रमांक देतात आणि रस्ता म्हणजे दोन जागांमधली मोकळीक. दोन्ही पद्धतींनी टपाल पोचतं.

समजणं म्हणजे पटणं, हा गैरसमज प्रवास करणाऱ्यांत फार असतो. त्यामुळे काहीजण विचारतच नाहीत, कारण ऐकून घेतलं तर मान्य करावं लागेल असं त्यांना वाटतं. अल बिरुनी या मध्ययुगीन विद्वानाने साधारण 1030 साली हिंदूंच्या विद्येविषयी लिहिलं तेव्हा आधी संस्कृत शिकून घेतली. हे लिखाण वादासाठी नाही, त्यांचं म्हणणं जसं आहे तसं मांडतो, असं त्याने सुरुवातीलाच स्पष्ट केलं. त्याला अनेक गोष्टी पटल्या नव्हत्या आणि तेही त्याने लपवलं नाही. आधी समोरच्याचं म्हणणं त्यालाच मान्य होईल अशा शब्दांत मांडायचं आणि मग मतभेद सांगायचा. हा क्रम आजही चोख आहे. माणसांना इजा करणारी प्रथा कारण कळल्यावर चांगली होत नाही. मात्र तिच्याविरुद्ध त्याच गावात कोण बोलतं आणि काय बोलतं, हे कारण विचारायला थांबलेल्यालाच कळतं.

मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांसाठी एक प्रश्न राखून ठेवावा: "आमचं वागणं तुम्हाला कुठे विचित्र वाटतं?" पहिल्या दिवशी विचारला तर उत्तर गोड येतं. ओळख मुरल्यावर विचारला तरी आधी हसू येतं, मग "तसं काही नाही" येतं आणि बराच वेळाने, बहुधा हातातलं काम चालू असताना, एखादी बारीकशी गोष्ट येते. तुम्ही प्रत्येक गोष्टीला आभार का मानता, आम्ही परके आहोत का? तुम्ही जेवताना बोलता फार. तुमच्या मुलांना तुम्ही एकटं झोपवता म्हणे? अशा वेळी खुलासा तोंडाशी येतो: अहो, तसं नाही, आमच्याकडे त्याचं असं आहे. तो गिळावा. "ते तुम्हाला कसं दिसतं, आणखी सांगा" एवढंच म्हणावं आणि वहीतल्या पहिल्या रकान्यात, या वेळी आपल्याविषयी, ते म्हणाले तसंच उतरवून घ्यावं. दुसरा रकाना परतीच्या प्रवासात भरता येतो.